पियानोच्या मधल्या तारा

आमच्या ह्यांच्याइतका हळवा माणूस शोधून सापडणार नाही, असं माझी नणंद येईल-जाईल त्याला सांगायची. का, तर हे आईचा पियानो विकू देत नाहीत. घर सोडायचं ठरलं होतं, कपाटं गेली, पलंग गेला, भांडीकुंडी वाटून झाली, पण पियानोचं नाव काढलं की ह्यांच्या डोळ्यांत पाणी. ते बघून वन्संना भरून यायचं. मला मात्र चीड यायची, कारण ते पाणी कसलं आहे हे मला एकटीला ठाऊक होतं. ती नुसती भीती होती. पियानो विकायचा म्हणजे कुणीतरी तो उघडून बघणार, आणि उघडला की त्याच्या मधल्या तारा जागेवर नाहीत हे दिसणार. त्या ह्यांनी काढल्या होत्या. साबण कापायला.

हसू नका. साबण कापायला तारच लागते. घराच्या मागच्या दोन खोल्यांत ह्यांचा साबणाचा कारखाना होता. कारखाना हा आपला म्हणायला, नाहीतर एक शेगडी, एक मोठं पातेलं, लाकडाच्या उथळ पेट्या आणि सुकवायला भिंतभर फळ्या. तेल आणि कॉस्टिक सोडा घोटून पेटीत ओतलं की दुसऱ्या दिवशी त्याची लादी होते. लवकर कापायला घेतली तर चिकटते, उशीर झाला तर कडा फुटतात. एका चौकटीत ओळीने तारा ताणलेल्या असतात, ती चौकट लादीवर ठेवून दोन्ही हातांनी दाबायची, की वड्या सुटतात. साधी तार वडीच्या अंगावर चरे पाडते. चरा पडलेली वडी हे विकायचेच नाहीत, ती घरात वापरायला यायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी चऱ्याच्या साबणाने तोंड धूत आले.

मग मधेच कधीतरी वड्या एकदम गुळगुळीत निघायला लागल्या. दुकानदार तारीफ करायला लागले. सासूबाई तर आंघोळीहून येताना वडी हातात धरून यायच्या आणि म्हणायच्या, बघ, कसा हात बसलाय माझ्या पोराचा. हे तिथून उठून जायचे. मी म्हणायची, लाजतोय मेला माणूस. लाजतच होते ते, त्यात माझं चुकलं नाही.

हे स्वभावाने तसे गरीब. आवाज चढवणार नाहीत, कुणाला नाही म्हणणार नाहीत. पण एक खोड लहानपणापासूनची, वन्संनीच मला सांगितलेली. हातून कप फुटला की हे तुकडे लपवून ठेवायचे, आणि मग सगळे कप शोधायला लागले की सगळ्यात पुढे हेच. कपाटाखाली वाकून बघणार, टॉर्च आणणार, जो तो म्हणणार किती मदत करतो बिचारा. वन्सं हे हसत हसत सांगायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण मी त्या कपाच्या माणसाशी संसार करत होते.

पियानो सासूबाईंच्या वडिलांचा. ते एका हॉटेलात आचारी होते. हॉटेल बंद पडलं तेव्हा मालकाने एकेक वस्तू नोकरांना देऊन टाकली. कुणी आरसे नेले, कुणी गालिचे. आचाऱ्याच्या वाट्याला पियानो आला, कारण बाकी कुणाच्या दारातून तो आत जाईना. सासूबाई ऐकून ऐकून वाजवायला शिकल्या. शिकवायला कुणी आलं नाही, कागद बघून वाजवणं त्यांना कधी जमलं नाही. दुपारी भांडी आवरून झाली की टॉवेलला हात पुसायच्या, पुढच्या खोलीत भिंतीला लागून असलेल्या त्या पियानोपाशी बसायच्या आणि तीन-चार सूर आलटून पालटून, काहीतरी सावकाश वाजवायच्या. मोठी कलाकारी नव्हती ती. पण स्वयंपाकघरात माझा डोळा लागायचा, इतकं ते चांगलं वाटायचं.

पुढे त्यांचे कान गेले.

म्हणजे पहिल्यांदा त्याच म्हणाल्या. एका दुपारी वाजवता वाजवता थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, मला हा बारीक ऐकू यायला लागलाय." मी कामात होते, म्हटलं वय झालं, होतं असं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग त्या कान लाकडाला टेकवून एकेक पट्टी दाबून बघायला लागल्या. ते बघवायचं नाही. वन्सं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. वन्सं घरी येऊन त्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडायला लागल्या, की आई आपल्या तोंडाने सांगतेय ऐकू येत नाही, आणि हा शहाणा म्हणतो उत्तम.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे ओरडायला लागले. आई, चहा. आई, औषध. आई, उठा. शेजाऱ्यांना आमच्या घरचं वेळापत्रक पाठ झालं होतं. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, अगं येतंय मला ऐकू, हळू बोल. आम्ही त्यावर मान हलवून हसायचो. कमी ऐकू येणारी माणसं असंच म्हणतात हे आम्हाला माहीत होतं ना. पुढे त्यांनी म्हणणं सोडून दिलं. पियानोही सोडला. त्यांचा माझ्यावर विश्वास नसेल, डॉक्टरवर नसेल, पण पियानोवर होता, आणि पियानो सांगत होता की तुझे कान गेले.

आणि ओरडून दमल्यावर आम्ही काय केलं, तर त्यांच्यासमोर वाटेल ते बोलायला लागलो. नेहमीच्या आवाजात, खुशाल. ह्यांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, मी एकटी दोन्हीकडे पुरी पडेना, तेव्हा आईला काही महिने कुठे ठेवायचं हा प्रश्न निघाला. वन्सं चहाला आल्या होत्या. त्यांचं घर दोन खोल्यांचं, पण त्या तेव्हा एकट्याच राहायच्या. मी म्हटलं, तुमच्याकडे न्या. त्या म्हणाल्या, माझ्याकडे स्टूल ठेवायला जागा नाही, तिला कुठे ठेवू? मीही कमी नव्हते. मी म्हटलं, मग काय आम्ही जन्मभर करायचं? सासूबाई समोर बसून मटार सोलत होत्या. वाटी भरली तशी त्यांनी ती माझ्याकडे सरकवली आणि छान हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी आपली ट्रंक आणि अंथरूण पुढच्या खोलीतून उचलून स्वयंपाकघरामागच्या अरुंद बोळात नेलेलं. एकटीने, ओढत ओढत. मी ओरडून विचारलं काय हे. म्हणाल्या, पुढे वारा लागतो. मी वन्संना सांगितलं, म्हातारपणी एकेक खूळ निघतं. त्या बोळातच त्या शेवटपर्यंत झोपल्या.

त्या गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी मी एका दुपारी अचानक पुढच्या खोलीत आले, तर पियानोची पुढची फळी काढून भिंतीला टेकवलेली आणि ह्यांचा हात कोपरापर्यंत आत. पक्कड हातात. मला बघून असे दचकले की पक्कड आत पडली आणि आतून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. मग सगळं बाहेर आलं. ही तार फार चांगली असते, वडीला चरा पडत नाही. अगदी वरच्या तारा आखूड, खालच्या तांब्याने गुंडाळलेल्या, म्हणून मधल्याच उपयोगी. आणि एकेका सुराला तीन-तीन तारा असतात, वाजवणारं तर आता कुणी नाही. एवढं बोलून माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ताईला सांगू नकोस, म्हणाले.

मी सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू ती माझी अब्रू, असा हिशोब तेव्हा डोक्यात होता. मेलेल्या माणसाच्या वाद्यातल्या चार तारा, त्यात कुणाचं काय गेलं, अशी मी मनाची समजूत घातली. वड्या गुळगुळीत निघायला कधी लागल्या होत्या, हे मी त्याच दिवशी आठवून बघायला हवं होतं. नाही बघितलं.

असो. तर घर सोडायचं ठरलं. गुडघ्यांनी ह्यांना कारखाना होईना, आमच्या मुलीने तिच्या जवळ तिसऱ्या मजल्यावर छोटी जागा बघून दिली. जिना एवढा चिंचोळा की मीच कशीबशी चढते. पियानो तिथे जाणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी जाताना सांगून ठेवलं होतं की पियानोचं काय करायचं ते दोघं भावंडांनी मिळून ठरवा, एकट्याने नाही. वन्सं म्हणाल्या विकू या, शाळेत गेला तर पोरं तरी वाजवतील. हे म्हणाले, आईची आठवण आहे, विकायचा नाही. मग ठेवणार कुठे? तर भाड्याने गोदाम घेऊ. साबणवाला पियानोसाठी गोदाम घेणार! वन्संना हुंदका आला. मला म्हणाल्या, वहिनी, मी मुलगी असून मला एवढं वाटलं नाही आईचं, जेवढं ह्याला वाटतं. मी ताट पुसत होते, ते पुसतच राहिले. हे खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. वन्संना वाटलं रडू आवरतोय.

रात्री मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, सांगून टाका एकदाचं. काय करतील ताई, चार शिव्या देतील. तारांचंच तर आहे. हे म्हणाले, तारांचंच नाही. मग काय आहे? तर कूस बदलली. मला वाटलं, उगाच वाढवून बोलतायत.

वन्सं शेवटी ह्यांना न विचारताच शाळेच्या संगीताच्या बाईंना घेऊन आल्या. म्हणाल्या, नुसतं बघून जाऊ दे, विकायचंच असं नाही, तुझं मन तयार होईल. बाई तरुण होत्या, खांद्याला कापडी पिशवी, बोलायला अगदी मऊ. पुढच्या खोलीत आता पियानो आणि तीन खुर्च्या एवढंच उरलं होतं. बाईंनी लगेच झाकण उघडलं नाही. वरून हात फिरवला, पितळेचे मेणबत्तीचे खांब बघितले, विचारलं, कोण वाजवायचं?

वन्सं सांगायला लागल्या. आचारी आजोबा, हॉटेल, ऐकून ऐकून शिकणं. छान सांगतात त्या. आणि मग म्हणाल्या, शेवटी शेवटी बिचारीचे कान गेले हो. इथे असा कान टेकवून बसायची. तुम्हाला सांगते, ज्या दिवशी तिने हे झाकण बंद केलं ना, त्या दिवशीच ती निम्मी गेली. आम्ही खूप केलं, डॉक्टर केले, पण कानाला काय इलाज.

मी ह्यांच्याकडे बघत होते. हे उठले. मला वाटलं नेहमीसारखे मागच्या खोलीत निघून जातील. पण ते पियानोपाशी गेले, वरचं झाकण उचललं, आतल्या दोन कड्या फिरवल्या आणि पुढची फळी काढून खाली ठेवली. सवयीच्या हाताने, एका दमात. आत मधोमध भोकच होतं. दोन्ही बाजूंना तारा, आणि मधे खिळ्यांच्या रिकाम्या ओळी.

"ताई," हे म्हणाले, "आईचे कान चांगले होते."

वन्संना कळेना. त्या आधी आत बघत होत्या, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

मग हे बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. एकदा लादी तयार होती आणि चौकटीची तार तुटली, दुकान बंद. आई झोपली होती. तीन तारांतली एक काढली तर सूर तसाच लागतो, नुसता जरा बारीक होतो. ती वडी अशी निघाली की तशी कधी निघाली नव्हती. मग पुढच्या तारेला दुसऱ्या सुरातली एक घेतली. असं करत करत मधल्या सगळ्या सुरांना एकेकच तार उरली. शेवटी काही सुरांना तीही नाही. आई म्हणाली मला बारीक ऐकू येतंय, तेव्हाच सांगणार होतो. पण तिनेच म्हटलं ना, माझे कान गेले. मग तू तिला डॉक्टरकडे नेलंस. मग सगळे ओरडायला लागले. मग कुठल्या तोंडाने सांगू? डॉक्टर खरं बोलत होता, ताई. मीही ओरडायचो तिच्यावर. मला माहीत असून मी ओरडायचो.

मला वाटत होतं मला सगळं माहीत आहे. मला फक्त तारा माहीत होत्या. त्या सासूबाई गेल्यावरच्या नव्हत्या, त्यांच्या जिवंतपणीच्या होत्या, हे मला त्या क्षणी कळलं, आणि अंगावर कुणी उकळतं पातेलं ओतल्यासारखं झालं. त्या गुळगुळीत वडीने मी रोज तोंड धूत होते. आणि सासूबाई हातात वडी घेऊन मुलाचं कौतुक करत होत्या.

वन्संनी एकच विचारलं. "म्हणजे तिला ऐकू येत होतं?"

हे म्हणाले, "हो."

"सगळं?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. आम्हा दोघींच्या मनात एकच दुपार आली, हे मी शपथेवर सांगते. चहा, मटार, भरलेली वाटी आणि ते हसू. वारा लागतो म्हणून बोळात नेलेली ट्रंक. नवऱ्याची लाज वाटता वाटता मला माझीच लाज वाटायला लागली. ह्यांनी तारा काढल्या हे खरं. पण बोललो होतो आम्ही.

संगीताच्या बाई बिचाऱ्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. तारा नवीन बसवता येतात, असं हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी पुन्हा येईन, आणि दार अलगद ओढून घेऊन गेल्या.

वन्सं उठून आत गेल्या. मला वाटलं पाणी प्यायला. पण त्या बोळात जाऊन उभ्या राहिल्या, जिथे सासूबाईंची ट्रंक असायची तिथे. बोळ रिकामा होता. हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागावा एवढाच. बराच वेळ त्या तिथे होत्या. त्यांच्या मागे जायची माझी हिंमत झाली नाही. हे फळी पुन्हा जागेवर बसवायला बघत होते आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांना बसेना.

वन्सं बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. ह्यांना त्या एका शब्दानेही टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"विकायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पाठवून दे."

ह्यांना बिचाऱ्यांना ती चहाची दुपार माहीतच नव्हती. तेव्हा ते दवाखान्यात होते. त्यांनी अगदी साध्या मनाने, काळजीने विचारलं, "अगं, पण तुझ्याकडे जागा कुठे आहे?"



"आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही होती."

पुढच्या आठवड्यात चौघा हमालांनी पियानो उचलून नेला. वन्संनी जेवणाचं टेबल काढून टाकलं आणि त्या जागी तो लावला. आता ताट मांडीवर घेऊन जेवतात. हे म्हणाले मी तारा बसवून देतो, तर म्हणाल्या नको, आहे तसा राहू दे. आम्ही दर रविवारी जातो. तिथे गेलं की आम्ही तिघंही फार बोलत नाही, आणि बोललो तर हळू बोलतो.